कॅप्सूल कॉफीचं पहिलं मशीन: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत नोकरीला आलेल्या आपल्या माणसाची या मशीनशी पहिली गाठ बहुतेक वेळा ऑफिसच्या पँट्रीत पडते. काउंटरवर एक काळं उभट मशीन, शेजारी फिरत्या स्टँडवर रंगीत झाकणांचे, कॉफीपूड भरलेले इवले इवले कप, म्हणजेच कॅप्सूल, आणि मागे आपापला मग धरून उभे असलेले दोघं-तिघं. कसं चालवायचं ते विचारायचा संकोच वाटतो. मी नवीन असताना पहिले दोन दिवस नुसतं गरम पाणी घेऊन जागेवर परतत होते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी मग माझ्या हातून घेतला, झाकण उघडून दाखवलं आणि मिनिटभरात कॉफी हातात दिली. तेच मिनिट इथे सावकाश मांडते. त्यापुढचा प्रश्नही घेते, कारण तो महिन्याभरात येतोच: घरी एक घ्यावं का?

माझं मत आधीच सांगते. एकटं राहत असाल, दोघंच असाल, किंवा घरी आईवडील राहायला येणार असतील तर जरूर घ्या. पण दुकानात मशीनच्या किमतीची चिठ्ठी बघून ठरवू नका. मशीन एकदा घ्यायचं असतं, कॅप्सूल रोज लागते. कुठली कॅप्सूल आपल्याला आवडते आणि परवडते ते आधी ठरवा, मशीन त्याच्या मागून येऊ द्या.

आधी घराणी ओळखा

दुकानात दहा मशीनं दिसली तरी मुख्य घराणी दोनच, आणि एकाची कॅप्सूल दुसऱ्यात चालत नाही.

पहिलं घराणं क्युरिगचं. जॉन सिल्व्हन आणि पीटर ड्रॅगोन यांनी 1992 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ही कंपनी काढली. त्या काळी ऑफिसात सकाळी एकदाच भांडंभर कॉफी करून गरम पट्टीवर ठेवत आणि दुपारपर्यंत ती कडू होऊन जाई. ज्याला हवी त्याला, हवी तेव्हा, एकच कप ताजी मिळावी एवढाच त्यांचा विचार होता. 1998 मध्ये मशीन ऑफिसांत आलं, 2004 मध्ये घरांत. यांच्या कॅप्सूलला के-कप म्हणतात. प्लॅस्टिकच्या छोट्या कपात आतून कागदी गाळणी, तिच्यात साधारण 9 ते 12 ग्रॅम कॉफीपूड आणि वर फॉइलचं झाकण. मशीनची एक सुई वरून झाकण भोसकते, दुसरी तळाला. वरच्या सुईतून गरम पाणी येतं, पुडीतून झिरपतं आणि खाली मगात पडतं. दाब फारसा नसतो, म्हणून ही कॉफी अमेरिकी पद्धतीची होते: मोठा मग, पातळ, बिनसायीची.

दुसरं घराणं नेस्प्रेसोचं, स्वित्झर्लंडचं. नेस्ले कंपनीतले इंजिनिअर एरिक फाव्र 1975 मध्ये रोमला गेले होते. पँथिऑनजवळच्या सांत'एउस्ताकिओ कॅफेत कॉफी करणारा माणूस मशीनचा दांडा पुन्हा पुन्हा हलवून पाण्यात जास्त हवा मिसळतो हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून बंद कॅप्सूलची कल्पना निघाली. 1976 मध्ये पेटंट झालं, प्रत्यक्ष विक्री 1986 मध्ये सुरू झाली. ही कॅप्सूल ॲल्युमिनियमची असते आणि आत साधारण 5 ग्रॅमच पूड. पण मशीनचा पंप 19 बारपर्यंत दाब देऊ शकतो, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 19 पट. त्या जोरावर जेमतेम 40 मिलिलिटर दाट कॉफी निघते, आणि वर बदामी रंगाचा फेस येतो.

या घराण्यात एक पोटशाखा आहे आणि नवखा माणूस नेमका तिथे फसतो. 2014 मध्ये अमेरिकेत 'व्हर्चुओ' नावाची नवी मशीनं आली. त्यांची कॅप्सूल घुमटासारखी असते, मशीन ती मिनिटाला 7,000 पर्यंत फेऱ्यांनी गरगर फिरवतं आणि कडेवरचा बारकोड वाचून पाणी किती सोडायचं ते स्वतः ठरवतं. जुन्या 'ओरिजिनल' मशीनची कॅप्सूल यात बसत नाही आणि याची त्यात बसत नाही. खोक्यावर दोन्हीकडे मोठं नाव नेस्प्रेसो असंच असतं. घेताना त्याखालची बारीक अक्षरं वाचा.

कोणतं घ्यावं? दिवसभर मोठा मग घेऊन कामाला बसायची सवय लागली असेल तर क्युरिग. दुधातली दाट, गोड कॉफी हवी असेल तर ओरिजिनल नेस्प्रेसो. त्याच्या मूळ पेटंटांची मुदत संपल्यामुळे इतर कंपन्यांच्या कॅप्सूलही सर्रास मिळतात आणि त्या स्वस्त पडतात. के-कपचंही तसंच आहे. क्युरिगने 2014 मध्ये असं मशीन आणलं होतं की झाकणावर कंपनीची खूण नसेल तर ते कप नाकारायचं. ग्राहकांनी इतका आरडाओरडा केला की 2015 मध्ये कंपनीने स्वतः भरायचा कप परत आणला. मशीन कोणाच्या कॅप्सूल स्वीकारतं हे घेण्याआधी विचारण्यात काही कमीपणा नाही.

कागदावर एक हिशेब करा

दुकानात कॉफी पौंडावर विकतात. एक पौंड म्हणजे 454 ग्रॅम. के-कपमध्ये 11 ग्रॅम धरले तर एका पौंडात 41 कप भरतात. समजा तुमच्या आवडीचा कप 60 सेंटना पडतो, तर तुम्ही त्या कॉफीला पौंडामागे जवळजवळ 25 डॉलर देताय. आता त्याच दुकानात शेजारच्या फळीवर त्याच कंपनीची पुडी कितीला आहे ते बघा. दोघांनी दिवसाला दोन-दोन कप घेतले तर महिन्याला 120 कॅप्सूल, 72 डॉलर. वर्षभरात मशीनची किंमत कितीतरी मागे पडते.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. एकट्या माणसाचा हिशेब वेगळा लागतो. पुडी फोडली की आठवड्या-दोन आठवड्यांत वास उडायला लागतो, भांडंभर केलेली कॉफी अर्धी बेसिनमध्ये जाते, आणि सकाळी आठच्या ट्रेनसाठी पळणारा माणूस शेवटी स्टेशनवर चार डॉलरचा कप विकत घेतो. कॅप्सूल हवाबंद असल्यामुळे पन्नासावा कपही पहिल्यासारखाच लागतो. चार-पाच माणसांच्या घरात मात्र रोज दहा कॅप्सूल फोडण्यापेक्षा भांडंभर कॉफी करणारं साधं ड्रिप मशीन किंवा आपलं पितळी फिल्टर बरं, असं मला मनापासून वाटतं.

पहिली खरेदी करताना शंभर कपांचं खोकं उचलू नका. मिश्र चवींचं लहान खोकं घ्या. आपल्या जिभेला 'डार्क रोस्ट', म्हणजे जास्त भाजलेली, असं लिहिलेली कॉफी सहसा जवळची वाटते, 'ब्रेकफास्ट ब्लेंड' फिकी लागते. व्हॅनिला, हेझलनट वगैरे नावांच्या कपात बहुतेक वेळा नुसता वास असतो, साखर नसते.

खोकं उघडल्यावर

मशीन ठेवायची जागा आधी मोजा. क्युरिगचं झाकण वर उघडतं. काउंटरच्या वरचं कपाट आडवं आलं तर रोज मशीन पुढे ओढावं लागतं.

पाण्याची टाकी साबणाने धुऊन घ्या आणि भरा. कॅप्सूल न घालता दोन-तीन वेळा नुसतं गरम पाणी मगात काढून फेकून द्या. नव्या प्लॅस्टिकचा वास त्याने जातो.

आता विजेचं. ही मशीनं पाणी तापवताना 1,500 वॉटच्या आसपास वीज ओढतात. इथे घरात 120 व्होल्ट असतात, म्हणजे एकट्या मशीनला साधारण साडेबारा अँपिअर लागले. स्वयंपाकघरातली लाइन बऱ्याच अपार्टमेंटांत 15 किंवा 20 अँपिअरची असते. पहिल्याच आठवड्यात मी एकीकडे मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं आणि दुसरीकडे कॉफीचं बटण दाबलं. अर्धं घर अंधारात गेलं. ब्रेकरची पेटी कपड्यांच्या कपाटात, कोटांच्या मागे आहे हे तोवर मला ठाऊकही नव्हतं. तुम्ही ती पेटी आजच शोधून ठेवा. आणि दूध आधी, कॉफी नंतर हा क्रम पाळा. एका वेळी एकच.

पहिला कप

मागच्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली होती. आम्ही दोघंही आठला बाहेर पडणार, तेव्हा दुपारची कॉफी तिला स्वतःची स्वतः करता यावी म्हणून एका शनिवारी मी तिला शेजारी उभं केलं. आमचं मशीन क्युरिगचं. तिला जसं सांगितलं तसंच सांगते.

मग आधी ठेवायचा. हे सगळ्यात पहिलं, कारण बटण दाबल्यावर मशीन मगासाठी थांबत नाही.

टाकीत पाणी आहे ना ते बघायचं. मग झाकणाचा दांडा पूर्ण वर न्यायचा. आत कालचा कप राहिला असेल तर तो काढायचा. ताजा वापरलेला असेल तर तो चांगलाच गरम असतो, तेव्हा कडेला धरायचा. बोट खोल घालायचं नाही, तळाशी सुई असते आणि ती खरोखर टोकदार असते.

नवा कप झाकणासकट ठेवायचा. फॉइल सोलायचं नाही. आईने पहिल्यांदा श्रीखंडाच्या डब्यासारखं ते सोलायला घेतलं होतं आणि तसं वाटणं अगदी साहजिक आहे. पण भोक पाडायचं काम मशीनचं.

दांडा खाली दाबायचा, टक्‌ असा आवाज येईपर्यंत. सुई फॉइलमधून गेल्याचा तो आवाज. आईची बोटं थंडीत आखडतात, एका हाताने तिला तेवढा जोर लावता येईना. मग तिने डावा हात मशीनच्या पाठीवर टेकवला आणि उजव्या तळव्याने दांडा दाबला, तेव्हा झालं. वयस्क माणसांना हीच पद्धत दाखवा.

आता आकार. मशीनवर 6, 8, 10, 12 असे औंस लिहिलेले असतात. 6 म्हणजे साधारण 180 मिलिलिटर, 12 म्हणजे त्याच्या दुप्पट. कपातली कॉफी मात्र तेवढीच असते. म्हणून '12' दाबलं की कॉफी वाढत नाही, पाणी वाढतं. इथे आल्यावर बहुतेक जण म्हणतात की अमेरिकी कॉफीला काही दमच नाही. त्यांना मी एवढंच सांगते, आधी '6' दाबून बघा. चवीत याहून मोठा फरक पाडणारी दुसरी गोष्ट या मशीनवर नाही.

बटण दाबल्यावर थोडी घरघर, मग बारीक धार. धार थांबली की आईने मग उचलला, आणि दोन क्षणांनी फुर्र करून उरलेला घोटभर खालच्या जाळीवर सांडला. मशीन शेवटी आतलं पाणी हवेने ढकलून काढतं. तो फुर्र झाल्याशिवाय मग काढायचा नाही.

आईने मग हातात घेतला, मागे वळून बेसिनकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि पातेलं कुठलं घासायचं?"

"पातेलं नाहीच गं आई. गाळणंही नाही."

ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून दुपारी तीनची कॉफी तिने कोणाला करू दिली नाही, आणि शेजारच्या गुजराती मावशींना बोलावून त्यांनाही शिकवली.

दुधाची, जायफळाची

दूध टाकीत कधीही घालू नका. आतल्या नळ्यांत ते नासतं, मशीन फुकट जातं. साखर, मसाला, काहीही टाकीत नाही. टाकीत फक्त पाणी.

आपल्या घरची कॉफी हवी असेल तर असं करा. मगात साखर आणि किसलेल्या जायफळाची चिमूट घाला. दुसऱ्या कपात दूध उकळीजवळ आणा. नेस्प्रेसो असेल तर 40 मिलिलिटरचा एस्प्रेसो, म्हणजे ती दाट कॉफी, थेट साखरेवर पडू द्या, चमच्याने चार-सहा वेळा जोरात फेटा आणि वर 100-120 मिलिलिटर गरम दूध ओता. आपण इन्स्टंट कॉफी साखरेत फेटायचो त्याची आठवण येईल असा फेस धरतो. क्युरिग असेल तर डार्क रोस्ट, आकार 6, आणि दूध पाऊण वाटीपर्यंतच. त्याहून जास्त घातलं की दुधाची चव उरते, कॉफीची नाही.

एकाच कॅप्सूलमधून दुसऱ्यांदा पाणी काढून काटकसर करू नका. पुडीतलं चांगलं ते पहिल्या धारेत निघून गेलेलं असतं, मागे कडवटपणा राहतो.

चहाच्या कॅप्सूलही मिळतात. त्यातून साधा कोरा चहा बरा होतो. आलं घालून उकळलेल्या चहाची अपेक्षा ठेवू नका, कारण या मशीनमध्ये काहीच उकळत राहत नाही. चहाला आपलं पातेलंच.

स्वतः भरायचा कप

जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा कप वेगळा विकत मिळतो. हिशेब वाचून पोटात गोळा आला असेल तर हा घ्या. दोन मोठे चमचे पूड, सैलसर भरलेली, दाबून नाही. पूड मध्यम भरड हवी, पाकिटावर 'ड्रिप' लिहिलेली असते ती. मी एकदा भारतातून आणलेली चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी त्यात भरली. ती पूड इतकी बारीक की पाणी खाली उतरेना, ते वरच्या झाकणातून उसळलं आणि काउंटरभर गाळ झाला. त्यानंतर सुई मोकळी करण्यात माझा रविवार गेला. ती पूड पितळी फिल्टरसाठीच ठेवा.

साफसफाई

रोज: टाकीतलं पाणी बदला, वापरलेला कप आत ठेवू नका. झाकणाखाली ओलसर, कोमट जागा असते, तिथे बुरशी धरते.

महिन्यातून एकदा: प्लग काढा, मशीन गार होऊ द्या, आणि सरळ केलेल्या कागदाच्या क्लिपने सुईच्या भोकातली पूड हलकेच काढा. कॉफी कमी यायला लागली, मग अर्धाच भरला, की नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं. मशीन बिघडलं म्हणून नवं घ्यायला जाऊ नका, आधी क्लिप घ्या.

तीन ते सहा महिन्यांनी: क्षार काढणं. चहाच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर धरत असेल तर तुमच्या गावचं पाणी जड आहे, तीन महिनेच धरा. कंपनीचं औषध टाकीत पाण्याबरोबर घालायचं, कॅप्सूलशिवाय मगावर मग काढत टाकी रिकामी करायची, मग दोनदा टाकी भरून साधं पाणी काढायचं. व्हिनेगर वापरण्याआधी माहितीपत्रक वाचा; नेस्प्रेसो व्हिनेगर वापरू नका असंच सांगते. मी तारीख चिठ्ठीवर लिहून मशीनच्या मागे चिकटवते.

रिकाम्या कपांचं काय

ही या सोयीची दुखरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. जॉन सिल्व्हन यांनीच 2015 मध्ये एका अमेरिकी मासिकाला सांगितलं की हे शोधल्याचा आपल्याला कधी कधी पश्चात्ताप होतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने 2016 मध्ये सरकारी पैशाने कॅप्सूल खरेदी करणं बंद केलं.

आपल्या हातात एवढं आहे. के-कप गार झाला की फॉइल सोला, पूड काढा, कागद काढता आला तर काढा आणि कप विसळा. तळाला पुनर्वापराच्या त्रिकोणात 5 आकडा असतो. तुमच्या गावची नगरपालिका 5 क्रमांकाचं आणि एवढं लहान प्लॅस्टिक घेते का, ते तिच्या यादीत पाहा. पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत. नेस्प्रेसोची ॲल्युमिनियमची कॅप्सूल परत पाठवायला कंपनी टपालखर्च भरलेली पिशवी देते. खरेदी करतानाच ती मागा, भरली की कुरिअरच्या दुकानात टाका. पूड ओल्या कचऱ्यात जाते. थोडी पूड मी कढीपत्त्याच्या कुंडीत मातीत कालवते. चिमूटभरच, थर देत नाही. ओली पूड वर साचली की पाणी मुरत नाही आणि थंडीत घरात आणलेलं झाड लगेच तोंड पाडतं.

परत जाताना

काही जण भारतात परतताना मशीन बॅगेत भरतात. करू नका. इथलं मशीन 120 व्होल्टचं, तिकडे 230. एवढ्या वॉटचा ट्रान्सफॉर्मर मशीनपेक्षा जड आणि महाग पडतो, आणि त्याशिवाय लावलं तर ते पहिल्याच दिवशी जळतं. के-कपही तिकडे सहज मिळत नाहीत. नेस्प्रेसो मात्र आता भारतात अधिकृतपणे विकलं जातं, तेव्हा उरलेल्या ओरिजिनल कॅप्सूल खुशाल न्या आणि मशीन तिकडचं घ्या.

इथलं मशीन एखाद्या नव्याने आलेल्या जोडप्याला द्या. देण्याआधी क्षार काढा, टाकी रिकामी करून दिवसभर उलटी वाळवा, सोबत उरलेले कप द्या आणि मागे तारखेची चिठ्ठी तशीच राहू द्या. आणि एकदा त्यांच्यासमोर उभं राहून, '6' दाबून, कप करून दाखवा.